घंटी नेमकी कुठे वाजवायची? जयगडच्या उतारावरचा एक संशोधन-प्रश्न



तुमच्यापैकी बरेच जण सध्या पीएच.डी.साठी विषय शोधत असणार. "विषय सापडला की सांगू नकोस, प्रश्न सापडला की ये," असं आमचे गाईड म्हणायचे आणि मला त्याचा अर्थ कळायला दीड वर्ष लागलं. म्हणून आज एक प्रश्न घेते आणि तो कसा उघडत जातो ते दाखवते. माझ्या थिसिसशी त्याचा काही संबंध नाही. तो मला रस्त्यावर सापडला.

डिसेंबरात गणपतीपुळ्याहून मालगुंडमार्गे सायकलने जयगडला गेले होते. तिथून फेरीबोटीने शास्त्री नदीची खाडी ओलांडून तवसाळला उतरायचं आणि पुढे गुहागर, असा बेत. वरचा सडा संपला की रस्ता खाली जेट्टीकडे उतरतो. खालून बोट लागल्याचा आवाज आला आणि मी ब्रेक सैल सोडले. रस्त्यावर दोन्हीकडची माणसं होती, बोटीतून उतरून वर चढणारी आणि माझ्यासारखीच बोट पकडायला खाली निघालेली. पुढे डोक्यावर बोचकं घेतलेल्या एक मावशी चालत होत्या. मी घंटी वाजवली. त्या वळल्या, आणि वळताना नेमक्या उजवीकडे सरकल्या, मी जिथून जाणार होते तिथेच. मागचं चाक खडीवर घसरलं, हँडल त्यांच्या कोपराला लागलं, बोचकं खाली.

"बोट काय पळून चाललीय काय गो?"

कोणाला फारसं लागलं नाही. बोटीत मी त्यांच्या शेजारीच बसले, दुसरं काय करणार! माफी मागताना म्हटलं, "मावशी, मी घंटी वाजवली होती हो." त्यावर त्या म्हणाल्या, "वाजवलीस म्हणून तर वळले ना!"

हे वाक्य डोक्यातून जाईना. घंटी म्हणजे शिष्टाचार, घंटी म्हणजे सुरक्षितता, असं आपण धरून चालतो. इथे घंटीमुळेच धडक झाली. मग घंटी वाजवायची कुठे?

आधी साधं गणित करू. चालणाऱ्या माणसाचा वेग ताशी ४.५ किमी धरा. मी साधारण ताशी २५ किमीने उतरत होते. म्हणजे आमच्यातलं अंतर सेकंदाला सुमारे ५.७ मीटरने कमी होत होतं. घंटी वाजवली तेव्हा मी फार तर ५ मीटर मागे असेन. मावशींच्या हातात किती वेळ होता? ०.९ सेकंद. एवढ्या वेळात आवाज ऐकायचा, तो कुठून आला ते ओळखायचं, बाजू ठरवायची आणि डोक्यावरचं ओझं सांभाळत सरकायचं. अशक्यच. माणूस एवढ्यात फक्त दचकतो, आणि दचकून कुठल्या बाजूला जाईल ते त्यालाही माहीत नसतं.

समजा या सगळ्याला ३ सेकंद लागतात. मग ताशी १८ किमीने जाणाऱ्याने ११ मीटर आधी घंटी वाजवायला हवी आणि ताशी २७ किमीने जाणाऱ्याने जवळजवळ १९ मीटर आधी. आता थांबायचं अंतर बघा. १२त १ असा उतार, कोरडा रस्ता, ब्रेक लावायला १ सेकंदाची प्रतिक्रिया, एवढं धरलं तर ताशी १८ला साधारण ११ मीटर लागतात आणि ताशी २७ला २० मीटर. वेग दीडपट, थांबायचं अंतर जवळपास दुप्पट. आणि हे कोरड्या रस्त्याचं. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं तेव्हा हे आकडे विसराच.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. वरचे "३ सेकंद" मी गृहीत धरलेत, मोजलेले नाहीत. गणित सुबक दिसलं की गृहीतक दिसेनासं होतं. सिनॉप्सिसच्या प्रेझेंटेशनला समितीने माझी नेमकी इथेच मान पकडली होती.

पुढचा प्रश्न: अशी गाठ पडते तरी किती वेळा? याचं उत्तर शोधताना हाईन बोत्मा या डच संशोधकाचं १९९५चं काम वाचा. सायकलवाले आणि पादचारी एकाच वाटेवर असतील तर ती वाट किती चांगली, हे त्याने रुंदी किंवा गर्दीवरून ठरवलं नाही. एकमेकांना ओलांडण्याचे आणि समोरासमोर येण्याचे प्रसंग मोजायचे, अडथळा म्हणजे तेच, अशी त्याची मांडणी. त्यामागचं सूत्र दहावीच्या मुलालाही कळेल. एकाच दिशेला तासाला जितके पादचारी जातात, त्या संख्येला (१ ÷ पादचाऱ्याचा वेग − १ ÷ सायकलचा वेग) याने गुणायचं. सायकलवाला दर किलोमीटरला किती जणांना ओलांडेल ते मिळतं. समोरून येणाऱ्यांसाठी वजाच्या जागी अधिक.

तासाला ६० पादचारी असतील तर ताशी १८ने जाणारा दर किलोमीटरला १० जणांना ओलांडतो. ताशी २७ने गेला तर ११. ताशी १२ने गेला तर ८. म्हणजे वेग कमी केल्याने गाठी फारशा कमी होत नाहीत, प्रत्येक गाठीतला धोका मात्र खूप कमी होतो. "मी हळू जातो, मला घंटीची गरज नाही" म्हणणाऱ्याचंही चुकतं आणि "मी पटकन निघून जातो, कोणाला त्रास नको" म्हणणाऱ्याचं तर चुकतंच.

पण जयगडला हे सूत्र जसंच्या तसं चालत नाही, आणि तुमच्या कामाची गोष्ट इथे सुरू होते. या सूत्रात माणसं तासभर सारखी विखुरलेली आहेत. फेरीबोटीच्या रस्त्यावर माणसं घोळक्याने येतात. तीच ६० माणसं तासातल्या १० मिनिटांत चालली तर त्या १० मिनिटांपुरता दर तासाला ३६० होतो आणि ओलांडण्याचे प्रसंग किलोमीटरला १० ऐवजी ६०. उरलेली ५० मिनिटं रस्ता मोकळा. कोणी म्हणेल, सरासरी तर तीच राहिली! राहिली असती, सायकलवाले कधीही येत असते तर. पण सायकलवालाही तीच बोट पकडायला निघालेला असतो. तो नेमका गर्दीच्या १० मिनिटांतच येतो. रस्त्याची सरासरी १० आणि त्याच्या वाट्याला येणारा आकडा ६०च्या आसपास. दोन गोष्टींचं येणं एकमेकांशी बांधलेलं असलं की सरासरी कशी फसवते, हे मला स्टॅटिस्टिक्सच्या पेपरपेक्षा या उतारावर जास्त समजलं.

आता मोजायचं काय? अपघात मोजायचे म्हटले तर अशा रस्त्यावर वर्षभर उभं राहूनही डेटा जमणार नाही, आणि जमावा अशी इच्छाही नाही. १९८७ साली स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात क्रिस्टर हिडेन यांनी याच अडचणीवर प्रबंध लिहिला (पीएच.डी.चाच, बरं का). अपघात मोजण्याऐवजी थोडक्यात टळलेले प्रसंग मोजायचे. कोणीतरी ब्रेक लावला किंवा बाजूला झाला, त्या क्षणी काहीच न करता तसंच पुढे गेलं असतं तर धडक व्हायला किती सेकंद उरले होते, हा त्यांचा मुख्य आकडा. सुरुवातीला १.५ सेकंदापेक्षा कमी म्हणजे गंभीर, अशी ढोबळ रेषा होती. पुढे ती वेगाशी जोडली गेली. माझे ०.९ सेकंद कुठे बसतात ते तुम्हीच बघा.

घंटीच्या प्रश्नाला हे छान लागू पडतं. किती अंतरावरून घंटी वाजली किंवा हाक मारली, पादचारी कुठल्या बाजूला सरकला, सायकलवाल्याने ब्रेक कधी लावला. एवढे तीन रकाने असले तरी पुरे.

इथे एक मोह होतो. आपणच सायकल घेऊन लोकांना वेगवेगळ्या अंतरावरून ओलांडायचं आणि बघायचं. बाथ विद्यापीठाच्या इयान वॉकरने २००७ साली असाच स्वतःवर प्रयोग छापला होता. हेल्मेट घालून आणि न घालता सायकल चालवायची, मागून येणाऱ्या गाड्या किती जवळून जातात ते सेन्सरने मोजायचं. त्या दरम्यान त्याला एक बस आणि एक ट्रक धडकला. हेल्मेट असताना गाड्या जास्त जवळून जातात असा त्याचा निष्कर्ष. डेटा खुला ठेवलेला असल्यामुळे २०१३ साली ऑलिव्हिए आणि वॉल्टर यांनी तोच डेटा वेगळ्या पद्धतीने तपासून तसं काही दिसत नाही म्हटलं. मग वॉकरने पुन्हा उत्तर दिलं. हा वाद नक्की वाचा, पण एक फरक ध्यानात ठेवून: तिथे धोका संशोधकाने स्वतःच्या अंगावर घेतला होता. जयगडला मी हा प्रयोग केला तर धोका बोचकंवाल्या मावशींचा. कुठलीही एथिक्स कमिटी हे मान्य करणार नाही, करूही नये. जे आपोआप घडतंय ते बाजूला उभं राहून टिपायचं, बस. कॅमेरा लावायचा तर ग्रामपंचायतीला विचारून, चेहरे न दिसतील असा, आणि बंदराच्या बाजूला रोखायचा नाही.

तोपर्यंत चालवायचं कसं? मी आता काय करते ते सांगते, पुरावा म्हणून नव्हे. उताराच्या वरच वेग कमी करते. वीसेक मीटर आधी एकदाच घंटी, आणि पुढचा माणूस वळून बघेपर्यंत ओलांडत नाही. जवळ गेल्यावर घंटी नाहीच, तोंडाने बोलते: "काका, उजवीकडून येतेय." घंटीला दिशा नसते, वाक्याला असते. मागे अजून सायकली असतील तर "मागे तिघं आहेत" हेही सांगते, कारण पहिला गेला की माणूस निर्धास्त होऊन रस्त्याच्या मधे येतो. लहान मूल किंवा गुरं दिसली तर पाय टेकते. गावातली पाखाडी लागली की उतरून सायकल हातात. ती वाट चालणाऱ्यांची आहे, आपण तिथे पाहुणे. आणि कानात इयरफोन नको, "थांब गो" ऐकू आलं पाहिजे.

कोणाला हा प्रश्न एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला घ्यायचा असेल तर सुरुवात कॅमेऱ्याने करू नका. दोन दिवस जेट्टीच्या वरच्या वळणावर वही घेऊन बसा आणि फक्त वेळा लिहा: बोट कधी लागली, पहिला माणूस कधी चढला, शेवटचा कधी, मधे किती सायकली उतरल्या. घोळका खरंच १० मिनिटांचा आहे की ४चा, हे आधी कळू दे. माझा १०चा आकडाही अंदाजच आहे.