आधी पातेल्याचे माप

वजन कमी करायचे ठरले की आपल्या घरांत पहिल्यांदा भात बंद होतो. मग रात्रीचे जेवण सुटते. कोणी सकाळी लिंबूपाणी घेतो, कोणी दिवसभर काकडीवर काढतो. पंधरा दिवस हे चालते. मग एखादे नामकरण येते, गावाकडचे पाहुणे येतात किंवा नुसती सपाटून भूक लागते आणि सगळे पूर्ववत होते. महिन्याने काट्यावर उभे राहावे तर वजन होते तिथेच, कधी त्याहून किलोभर जास्तच.

या पंधरा दिवसांत स्वयंपाकघरात काय झाले, याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. वडिलांनी भात सोडला, पण कुकरला तांदूळ तेवढेच लागले. मुलीने दोनऐवजी एकच पोळी घेतली, पण परातीत कणीक तेवढीच मळली गेली. जे उरले ते कोणी खाल्ले? बहुतेक घरांत आईने. ‘टाकायचे कसे?’ म्हणून सगळ्यांच्या मागून बसून तिने ते संपवले. एकाच्या ताटातले कमी झालेले अन्न दुसऱ्याच्या पोटात गेले, एवढेच. म्हणून यावेळी आरोग्य पानावर आम्ही ताटाच्या आधीच्या मापाबद्दल लिहीत आहोत. किती खायचे हे बरेचसे किती शिजवले यावरून ठरते.

जुनी भूक, नवे शरीर

आपल्या घरांत ‘कमी खा’ हे शब्द सहज निघत नाहीत, आणि त्याला कारण आहे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने पोटभर जेवण हीच मोठी गोष्ट मानली. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले, रेशनची लाल मिलो ज्वारी खाल्ली, त्यांनी मुलांना शिकवले की ताटात काही टाकू नये आणि आलेल्याला आग्रह करून वाढावे. ती शिकवण खोटी नाही. पण आता कष्ट बदलले, धान्य मिळू लागले, तेल स्वस्त झाले नाही तरी सैल हाताने पडू लागले. वाढण्याचा हात मात्र तोच राहिला.

उपासमारीचा परिणाम शरीरावरही राहतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो होते. इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हडकुळी, पण त्यांच्या अंगात चरबीचा वाटा त्या मानाने जास्त. २००४ साली याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. वरून सारखे दिसणारे दोन देह आतून इतके वेगळे!

म्हणूनच आपल्यासाठी धोक्याची रेषा अलीकडे ओढलेली आहे. भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. ५ फूट ३ इंच उंचीच्या व्यक्तीसाठी याचा अर्थ साधारण ५९ आणि ६४ किलो असा होतो. त्याहून सोपे साधन म्हणजे शिंप्याची टेप. बरगडीचे खालचे टोक आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध पोटाचा घेर मोजावा. पुरुषांत तो ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांची शक्यता वाढते.

राजा पसेनदीचे माप

मापात जेवण्याला पालीत ‘मत्तञ्ञुता’ म्हणतात, म्हणजे मात्रा ओळखणे. याची एक गोष्ट संयुत्त निकायातल्या कोसल संयुत्तात आहे. कोसलचा राजा पसेनदी एका वेळी द्रोणभर तांदळाचा भात खात असे. असाच एकदा भरपेट जेवून, धापा टाकत तो भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला उपास सांगितला नाही, कुठले अन्न वर्ज्यही केले नाही. सजग राहून, मात्रा ओळखून जेवणाऱ्याचे त्रास कमी होतात आणि त्याचे म्हातारपण सावकाश येते, अशा आशयाची एक गाथा त्यांनी म्हटली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि आपल्या जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितले. त्याबद्दल त्याला रोज शंभर कहापण देऊ केले. हळूहळू राजाचा आहार एका नाळीवर, म्हणजे पूर्वीच्या मानाने फार लहान मापावर आला आणि त्याचे शरीर हलके झाले.

अट्ठकथेत यातला एक बारकावा सांगितला आहे. गाथा ऐकली की राजा शेवटचा घास खाली ठेवी, आणि पुढच्या वेळी तेवढे तांदूळ कमी शिजवले जात. आजच्या आहारतज्ज्ञाने सांगाव्यात अशा तीन गोष्टी यात आहेत. एकदम काही तोडायचे नाही, घासाघासाने कमी करायचे. ऐन जेवताना आठवण करून देणारे कोणीतरी हवे. आणि जेवढे ताटात सोडले तेवढे पुढच्या वेळी चुलीवर चढवायचे नाही.

डब्यातली वाटी, परात आणि तेलाचा डबा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्यात २००० कॅलरींचे एक नमुना ताट दिले आहे. एका प्रौढ व्यक्तीला दिवसभरात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मांस-मासे ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, दाणे व तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. धान्य आणि डाळ यांचे वजन कच्चे धरायचे. अंगमेहनतीचे काम करणाऱ्याला यापेक्षा जास्त लागते. बैठे काम करून वजन उतरवायचे असेल तर धान्य आणि तेल यापेक्षा थोडे कमीच ठेवावे लागते.

आता आपल्या घराचा हिशोब करू. चार मोठी माणसे असतील तर तांदूळ, गहू, ज्वारी, पोहे, रवा असे सगळे मिळून दिवसाला एक किलो, महिन्याला ३० किलो धान्य पुरते. रेशनचे, दुकानाचे आणि गावाकडून आलेले मिळून आपल्याकडे किती संपते? तेलाचेही तसेच. चौघांना महिन्याला सव्वातीन किलोच्या आत, म्हणजे साधारण साडेतीन लिटर तेल पुरायला हवे. तुमच्याकडे पाच-सहा पिशव्या लागत असतील, तर वजन कुठून येते हे काट्याला विचारायची गरज नाही.

तांदळाच्या डब्यात एक ठरलेली वाटी ठेवा आणि पहिला आठवडा नेहमीसारखेच शिजवून रोज किती वाट्या लागतात ते कॅलेंडरवर लिहा. दुसऱ्या आठवड्यापासून एक मूठ कमी करा. १०० ग्रॅम तांदळात साधारण ३५० कॅलरी असतात. मूठ ४० ग्रॅमची धरली तर १४० कॅलरी कमी झाल्या. दोन आठवडे तेच माप ठेवा, सवय झाली की पुढची मूठ. पोळीचा उंडा थोडा लहान करा. भाकरी ८०-१०० ग्रॅम पिठाची असते आणि एका लहान पोळीला २५-३० ग्रॅम कणीक लागते. म्हणजे एक भाकरी तीन पोळ्यांच्या बरोबरीची आहे. ‘मी पोळी सोडली, आता भाकरीच खातो’ असे म्हणून दोन भाकरी खाल्ल्या तर वजन उतरत नाही.

तेल पळीने किंवा बाटलीतून धार धरून घालू नका. लहान चमच्याने मोजा. एका चमच्यात सुमारे ४५ कॅलरी असतात. मटणाच्या रश्श्यावर तर्री आल्याशिवाय जेवण झाल्यासारखे वाटत नाही, हे आम्हालाही माहीत आहे. तर्री वाढताना बाजूला सारा, खालचा रस्सा आणि फोडी घ्या. चहाचेही माप पाहा. प्रत्येक कपात दोन चमचे साखर आणि दिवसाला चार कप, म्हणजे १६० कॅलरी नुसत्या साखरेच्या. सोबतची खारी आणि बटर वेगळे.

रिकामी जागा कशाने भरायची?

भात कमी केला आणि त्या जागी काही ठेवले नाही, तर भूक राहते आणि रात्री दहा वाजता फरसाणाचा डबा उघडतो. म्हणून ताटाचा अर्धा भाग भाज्यांचा करा. पाव भाग डाळ, उसळ, अंडे, मासळी किंवा चिकनचा. उरलेल्या पाव भागात भात किंवा पोळी-भाकरी. यासाठी महागड्या भाज्या लागत नाहीत. चवळी, अंबाडी, शेवग्याचा पाला, मेथी, कोबी, दुधी, दोडका, मुळा चालतात. मटकी-चवळीची उसळ घट्ट करा. डाळीत पाणी वाढवून ती पुरवायची सवय सोडा. बटाटा भाजीच्या खात्यात नाही, भाताच्या खात्यात मांडा.

भाजी आणि डाळ आधी खा, भात नंतर. पोट भरल्याची जाणीव व्हायला वीसेक मिनिटे लागतात, म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेण्याआधी थोडे थांबा. टीव्ही किंवा मोबाइल समोर असताना हात कधी थांबायचा हे कळत नाही. पातेली ओट्यावरच ठेवा, मधोमध आणू नका. जेवायला बसण्याआधीच जास्तीचे अन्न डब्यात काढून ठेवले, तर ‘एवढेसे कशाला ठेवायचे, संपवून टाका’ हा प्रश्नच येत नाही.

मंगल परिणय, नामकरण, १४ एप्रिल किंवा बुद्ध पौर्णिमेचे भोजन टाळायचे कारण नाही. खीर एक वाटी घ्या, सावकाश खा. पुरी आणि मसालेभात यांतले एकच निवडा. आणि वाढणाऱ्यांना आमची विनंती आहे की कोणी ‘पुरे’ म्हटले की तिथेच थांबा.

तिचे ताट सगळ्यांबरोबर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे २४ टक्के स्त्रियांचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त निघाला. त्याच पाहणीत ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. वजन जास्त आणि रक्त कमी, हे एकाच बाईच्या शरीरात असू शकते. सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला काय उरते ते पाहा. अंडी-मासळी संपलेली, भाजीचा तळ राहिलेला, डाळ पातळ. भात आणि पोळ्या मात्र भरपूर. तिला ‘ताई, तुम्ही कमी खा’ एवढेच सांगितले तर ती डाळ आणि दूध आधी सोडेल आणि उरलेला भात तरीही संपवेल. तिचे ताट सगळ्यांबरोबर आणि सगळ्यांसारखेच वाढा. उरलेले अन्न ही घरात एकटीची जबाबदारी नव्हे.

सांभाळून

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नका. साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी, तसेच वाढत्या वयाच्या मुलांनी वजन उतरवण्यासाठी आहार कापू नये. दिवसाला १००० कॅलरींपेक्षा कमी आहार कोणीच स्वतःच्या मनाने घेऊ नये. आठवड्याला अर्धा किलो वजन कमी होणे सुरक्षित मानतात. त्याहून घाई नको. ८० किलोच्या माणसाने ४ ते ८ किलो उतरवले तरी रक्तातली साखर आणि रक्तदाब यांत फरक दिसू लागतो. काही न करता वजन झपाट्याने उतरत असेल तर आनंद मानू नका, तपासणी करून घ्या.

काटा आठवड्यातून एकदा पुरे, तोही सकाळी. टेपने घेर महिन्यातून एकदा मोजा. घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला सुदस्सनाचे काम द्या. दुसऱ्यांदा भात घेताना ‘बाबा, मूठ आठवतेय ना?’ एवढे म्हटले तरी चालेल. शंभर कहापण द्यावे लागणार नाहीत.

उद्या सकाळी तांदूळ धुण्याआधी डब्यात वाटी ठेवा आणि आज किती लागले ते लिहून ठेवा. पहिल्या आठवड्यात एवढेच करा.