गव्हाण रिकामी नको
(आवाज आणि आज्ञावली : लेखांक 7)

प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने 1950-51च्या हंगामात सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं. आज अहिल्यानगर जिल्ह्यात कुठल्याही कारखान्यावर जा, हंगामात धसका एकच : गव्हाण, म्हणजे मिलकडे ऊस नेणारा पट्टा, रिकामी राहता कामा नये. गाडीचं टायर फुटलं, ऊसतोड टोळी रात्रीत निघून गेली, यातलं काहीही गव्हाणीला सांगून उपयोग नाही. ऊस नसला की 'नो केन', मिल बंद.

साउंड कार्ड ही अशीच गव्हाण. सेकंदाला 48,000 नमुने हा वेग धरला आणि 256 नमुन्यांची मोळी ठरवली, तर दर 5.3 मिलिसेकंदांनी कार्ड आपल्या फंक्शनला हाक मारतं : मोळी टाक. हाच कॉलबॅक. उशीर झाला तर कानाला 'कट्' ऐकू येतं.

मग मोळी मोठी करा की! 2048 नमुने घेतले तर जवळजवळ 43 मिलिसेकंद मिळतात. पण पेटीची पट्टी दाबल्यावर सूरही तितकाच मागे पडतो. नंबरला लागलेल्या गाड्यांत ऊस वाळून वजन नि उतारा घटतो, तसंच हे.

नवख्याला वाटतं, आपला कोड वेगवान आहे, मग भीती कसली? इथे सरासरीला किंमत शून्य. हजारातली एक खेप चुकली तरी श्रोत्याला तीच ऐकू येते. म्हणून कॉलबॅकमध्ये नवी मेमरी मागायची नाही, फाइल उघडायची नाही, पडद्यावर काही छापायचं नाही. ही कामं बहुतेक वेळा झटकन होतात. पण जास्तीत जास्त किती वेळ घेतील, याची हमी कोणी देत नाही. मी तंबोऱ्याचा प्रोग्राम लिहिताना कटकट शोधायला एक प्रिंटची ओळ घातली, तर कटकट दुप्पट झाली!

सगळ्यात फसवं ते लॉक, म्हणजे सामायिक माहितीला एका वेळी एकाच थ्रेडने हात लावावा म्हणून घातलेलं कुलूप. पडद्याचा थ्रेड आवाजाची पातळी बदलायला लॉक घेतो, तेवढ्यात मधल्याच महत्त्वाचा तिसरा थ्रेड प्रोसेसर बळकावतो, आणि सर्वांत निकडीचा कॉलबॅक दाराशी ताटकळतो. 4 जुलै 1997 रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरचा संगणक याच दुखण्याने पुनःपुन्हा रीसेट होत होता. लॉक धरणाऱ्या कामाला वाट पाहणाऱ्याचं प्राधान्य तात्पुरतं मिळावं, अशी सोय पृथ्वीवरून चालू केल्यावर तो ताळ्यावर आला.

आवाजात तेवढंही थांबणं नको. म्हणून ठरावीक मापाचा गोल बफर आधीच बांधून ठेवतात. एकच थ्रेड भरतो, एकच उचलतो, आणि दोघेही फक्त आपापली खूण सरकवतात. खुणा ॲटॉमिक हव्यात, आणि क्रम पाळायलाच हवा : आधी माल ठेवायचा, मग खूण पुढे न्यायची. उलट केलंत तर उचलणाऱ्याच्या हाती कचरा येतो.

हा गोल बफर पुढच्या आठवड्यात प्रत्यक्ष लिहू. तोवर तुमच्या कॉलबॅकमध्ये प्रिंटची ओळ राहिली असेल, तर ती काढून टाका.