ग्रेट डिक्स्टर : राबत्या हातांचं रान

इंग्लंडच्या आग्नेय टोकाला, ईस्ट ससेक्स परगण्यात नॉर्दियम नावाचं खेडं आहे. खेड्याच्या कडेला ग्रेट डिक्स्टर हा पंधराव्या शतकातला लाकडी वाडा उभा आहे. फाटकातून आत शिरल्यावर फरसबंद वाट सरळ देवडीशी जाते. देवडी सहज नजरेत भरेल इतकी एका अंगाला झुकलेली आहे. एरवी अशा घरांपुढे बारीक कातरलेली हिरवळ असते, जिच्यावर पाय ठेवायलाही संकोच वाटावा. इथे वाटेच्या दोन्ही हातांना गवत मोकळं वाढलेलं असतं. जूनमध्ये ते गुडघ्याला लागतं आणि त्यात रानऑर्किडांचे जांभळे-गुलाबी तुरे उभे असतात. नवख्या पाहुण्याला वाटतं, इथे कुणाचं लक्षच नाही. खरं तर या गवतावर शंभर वर्षांहून अधिक काळ माणसं राबत आली आहेत.

2017 साली इथे जैवविविधतेची सविस्तर पाहणी सुरू झाली. बाग, कुरणं, तळी, शेतं आणि राई अशा सगळ्या जागेत कोणकोणत्या वनस्पती, कीटक, कोळी, पक्षी आहेत, याची तज्ज्ञांनी नोंद केली. राई किंवा कुरणं वरचढ ठरतील अशीच बहुतेकांची अटकळ होती. निसर्ग म्हटला की आपल्याही डोळ्यांपुढे माणसाचा हात न लागलेली जागाच येते. पण सर्वांत समृद्ध निघाली ती बाग. दरवर्षी खणली, खुरपली, पेरली आणि छाटली जाणारी, परदेशी फुलझाडांनी गच्च भरलेली, हजारो पर्यटकांच्या पायांखालची बाग. मला डिक्स्टरची ही गोष्ट फार मोलाची वाटते आणि ती नीट कळण्यासाठी आधी वाड्याकडे वळायला हवं.

1910 साली नॅथनिएल लॉइड यांनी ही मालमत्ता विकत घेतली. रंगीत छपाईच्या धंद्यात त्यांनी पैसा मिळवला होता. डागडुजीसाठी आणि वाढीव बांधकामासाठी त्यांनी एडविन ल्युटेन्स यांना बोलावलं. आपल्याला हे नाव नवी दिल्लीमुळे ठाऊक आहे. डिक्स्टरचं काम संपत आलं त्याच सुमारास, 1912 साली, ल्युटेन्स नव्या राजधानीच्या आखणीसाठी हिंदुस्थानात आले. पुढे राष्ट्रपती भवन बांधणाऱ्या या माणसाने डिक्स्टरमध्ये किती हळुवार हाताने काम केलं, हे पाहण्यासारखं आहे. मधल्या काळात कुणी मोठ्या दिवाणखान्यात मजले आणि आडभिंती घालून त्याच्या खोल्या पाडल्या होत्या. ल्युटेन्स यांनी त्या काढून टाकल्या आणि तुळयांपर्यंतची मूळ उंची मोकळी केली. घर वाढवायचं होतं, तेव्हा शेजारच्या केंट परगण्यातल्या बेनेंडेनमध्ये मोडीत निघालेलं सोळाव्या शतकातलं लाकडी घर त्यांनी खरेदी करवलं. त्याचे वासे आणि खांब सुटे करून इथे आणले आणि पुन्हा जोडून उभे केले. त्या दोन जुन्या घरांना सांधणारं नवं बांधकाम आजूबाजूच्या वीट-कौलांशी जुळतं घेणारं आहे.

बागेची आखणीही त्यांचीच. जागेवर गोठे होते, धान्याचं मोठं कोठार होतं, बिअरसाठी लागणारी हॉपची फळं वाळवायची भट्टी होती. दुसऱ्या कुणी हे सगळं पाडून नजर पोचेल तिथवर हिरवळ पसरली असती. ल्युटेन्स यांनी गोठ्याच्या भिंतींनाच बागेच्या भिंती केलं. म्हणून डिक्स्टरची बाग चौकाचौकांची आहे. एका चौकातून कमानीखालून दुसऱ्यात जायचं, आणि वळल्याशिवाय पुढचं काही दिसत नाही. चौकांमध्ये यू वृक्षांची दाट कुंपणं आहेत. ती कातरून पक्ष्यांचे आकार देण्याचा नाद नॅथनिएलना होता. 1925 साली त्यांनी या कलेवर पुस्तकही लिहिलं. सखल चौकातलं अष्टकोनी तळं हे त्यांचंच काम.

गवत आणि रानफुलं हा मात्र त्यांच्या पत्नीचा, डेझी लॉइड यांचा प्रांत. उंच गवतात फुलं वाढवायची ही कल्पना त्या काळात नवी नव्हती. विल्यम रॉबिन्सन यांनी 1870 सालच्या आपल्या पुस्तकात रानवट बागेचा पुरस्कार केला होता. पण कल्पना आवडणं वेगळं आणि ती वर्षानुवर्षं जमिनीवर निभावणं वेगळं. डेझीबाईंनी ती निभावली. फ्रिटिलरी हे ओलसर कुरणातलं खाली मान घातलेलं फूल, ज्याच्या पाकळ्यांवर बुद्धिबळाच्या पटासारखे जांभळट चौकोन असतात, ते त्यांनी बियांपासून वाढवलं आणि गवतात लावलं. सहा मुलांमधल्या धाकट्या ख्रिस्तोफरला त्यांनी या कामात लहानपणापासून सोबत घेतलं. ते अजून पोरवयात असताना डेझीबाईंनी त्यांना गर्ट्रूड जेकिल या थोर उद्यानरचनाकार बाईंच्या भेटीला नेलं होतं.

हे कुरण कसं चालतं ते जरा थांबून समजून घेण्यासारखं आहे, कारण त्याचं शास्त्र बागकामाच्या नेहमीच्या समजुतीच्या उलट जातं. बागकाम म्हटलं की आपण आधी खत आठवतो. कुरणाला खत हे विष. जमीन कसदार झाली की जाड गवतं माजतात आणि बारीक फुलझाडांना दाबून टाकतात. म्हणून कुरणातली जमीन मुद्दाम रोड ठेवावी लागते. फुलांचं बी पडून गेलं की, साधारण ऑगस्टपासून, गवत कापायचं आणि कापलेलं सगळं उचलून न्यायचं. जागेवर कुजू दिलं तर त्याचा कस परत मातीत जातो. पुढे हिवाळ्याच्या तोंडावर आणखी एक कापणी होते, म्हणजे वसंतात येणाऱ्या कंदफुलांना उजेड मिळतो.

या कामात माणसाला मदत करणारं एक छोटं पिवळं फूल आहे, यलो रॅटल. ते अर्धं परोपजीवी असतं. पानं हिरवी असल्याने स्वतःचं अन्न स्वतः बनवतं, पण मुळं मातीखाली गवताच्या मुळांना चिकटवून त्यांच्यातलं पाणी आणि क्षार ओढून घेतं. जोमदार गवत त्यामुळे अशक्त होतं, त्याची उंची घटते आणि मधे मधे मोकळी जागा पडते. त्या जागेत बाकीची फुलं शिरतात. रॅटलच्या फुग्यासारख्या कोषात चपटं बी सुटं पडलेलं असतं. कोष वाळला की गवतातून चालताना पायांशी खुळखुळ आवाज येतो. जुने शेतकरी तो आवाज ऐकून गवतकापणीची वेळ ठरवत. ऑर्किडांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांचं बी धुळीएवढं असतं आणि त्यात कोंबाच्या पोटाला काहीच शिदोरी नसते. मातीतली विशिष्ट बुरशी भेटली तरच ते रुजतं, आणि फुलावर यायला त्याला कित्येक वर्षं लागतात. खत आणि नांगर दोन्हींपासून लांब राहिलेल्या मातीतच ही बुरशी टिकते. इंग्लंड आणि वेल्समधली 97 टक्के फुलझाडांची कुरणं 1930 च्या दशकानंतरच्या पन्नासेक वर्षांत नांगराखाली किंवा खताखाली गेली. एका घरगुती बागेत शंभर वर्षं राखलेलं कुरण म्हणजे काय, ते या आकड्याशेजारी ठेवून पाहावं.

ख्रिस्तोफर लॉइड 1921 साली याच घरात जन्मले आणि 2006 साली वारले तोवर हेच त्यांचं घर होतं. वाय कॉलेजात बागशास्त्र शिकून आणि काही वर्षं तिथेच शिकवून ते 1954 साली परतले आणि त्यांनी इथे रोपवाटिका सुरू केली. 1963 पासून चाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी ‘कंट्री लाइफ’ साप्ताहिकात बागेवरचं सदर लिहिलं. रंगांबाबत ते बेधडक होते. ल्युटेन्स यांनी आखलेल्या गुलाबांच्या चौकातले गुलाब त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर उपटून काढले आणि तिथे कर्दळ, डेलिया आणि केळी लावल्या. ऐतिहासिक बागेत ही कसली मोडतोड, म्हणून पुष्कळांच्या भुवया उंचावल्या. मला तो निर्णय योग्य वाटतो. भिंती, वाटा, कुंपणं त्यांनी जशीच्या तशी ठेवली होती आणि वाफ्यात काय फुलवायचं ते हयात माळ्याने ठरवायचं असतं. वाफे गोठवून ठेवले असते तर डिक्स्टर एक सुरेख संग्रहालय झालं असतं आणि पुढच्या पाहणीत जे आढळलं ते आढळलं नसतं.

1993 साली फर्गस गॅरेट मुख्य माळी झाले. तेही वाय कॉलेजचेच. लॉइड यांच्यासोबत आणि त्यांच्यानंतर त्यांनी बागेची लागवड अधिक दाट केली. एका फुलाचा बहर ओसरायच्या आत शेजारचं दुसरं वर यावं, अशी थरांवर थर चढवलेली ही रचना. वसंतात कंदफुलं, त्यांची पानं पिवळी पडू लागली की त्यांना झाकत येणारी बारमाही झाडं, त्यांच्यामधून आपोआप उगवलेल्या अफूच्या फुलांचे आणि बडीशेपेच्या जातीतल्या झाडांचे उंच देठ, आणि मागाहून ऑक्टोबरपर्यंत चालणारी डेलिया. बघणाऱ्याला हा रंगांचा सोहळा दिसतो. मधमाशीच्या दृष्टीने तो सहा-सात महिने न तुटणारा परागांचा आणि मधाचा शिधा आहे. राईत असं होत नाही. झाडांना पानं फुटून सावली दाटली की तिथला फुलांचा हंगाम उरकतो.

पण नुसत्या फुलांवर कीटक जगत नाहीत, त्यांना घरही लागतं. इथे जुना वाडा कामाला येतो. पोळं न करता एकट्याने बीळ करून राहणाऱ्या मधमाश्यांच्या कितीतरी जाती इंग्लंडमध्ये आहेत. दक्षिण इंग्लंडच्या जुन्या भिंतींपाशी मार्च-एप्रिलच्या उन्हात जरा उभं राहिलं की त्यांतली एक हमखास भेटते. मादी काळीभोर, गुबगुबीत, मागच्या पायांवर नारिंगी केस, जीभ लांब. लंगवर्टच्या निळ्या-गुलाबी फुलांशी ती क्षणभर हवेत थबकते, जीभ आत घालते आणि झर्रकन दुसरीकडे जाते. विटांमधल्या मऊ चुन्यात ती बीळ कोरते, परागांचा गोळा करून त्यावर अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. ती गेली की राखाडी ठिपक्यांची दुसरी एक माशी बिळापाशी टपून असते. ती स्वतः काही साठवत नाही, पहिलीच्याच कोठीत आपलं अंडं घालून निघून जाते. सिमेंटने दर्जा भरलेल्या भिंतीत यांतली एकही नांदणार नाही. चुना, जुन्या ओकच्या वाशांतली भोकं, कौलांखालच्या फटी, फरसबंदीतली उघडी माती, हिवाळाभर मुद्दाम उभे ठेवलेले पोकळ देठ, कोपऱ्यात रचलेले ओंडके, न्यूटसारख्या उभयचरांचं तळं अशी सगळी वस्ती काही पावलांच्या अंतरात आहे. दहा प्रकारच्या जागा इतक्या जवळ जवळ कुठल्याही राईत सापडत नाहीत. आणि त्या तशा राहतात, कारण कुणीतरी रोज त्यांच्याकडे बघतं. फरशीच्या फटीत उगवलेलं रोप ठेवायचं की काढायचं, हे इथे माळी गुडघ्यावर बसून एकेका रोपाबाबत ठरवतो.

आता डिक्स्टरचा कारभार धर्मादाय न्यासाकडे आहे. मार्चच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत वाडा आणि बाग लोकांना खुली असते. जगभरातून विद्यार्थी इथे येऊन राहतात आणि हाताने काम करून शिकतात. न्यासाच्या राईत चेस्टनटची झाडं बुंध्यापासून तोडून पुन्हा फुटू देण्याची जुनी पद्धत चालू आहे. त्या लाकडाच्या ताट्या, कुंपणं आणि वेलींना आधाराच्या काठ्या तयार होतात. तोडलेल्या तुकड्यात जमिनीवर ऊन पोचतं आणि दबून राहिलेली फुलं उसळून येतात. राई वाचवायची तर झाड तोडायचं नाही, हा आपला नेहमीचा समज इथे चालत नाही.

जुनी घरं आणि बागा पाहायला जाणं हा इंग्लंडमध्ये सुट्टीच्या दिवशीचा आवडता कार्यक्रम आहे. 1895 साली स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टचे आज 50 लाखांहून अधिक सभासद आहेत. 1927 साली एका संस्थेने घरगुती बागा शिलिंगभर तिकिटात लोकांना दाखवायची टूम काढली, पैसा परिचारिकांच्या सेवेसाठी. पहिल्याच वर्षी 609 बागा उघडल्या गेल्या आणि योजना अजून चालू आहे. दर सप्टेंबरमध्ये एरवी बंद असणाऱ्या वारसावास्तूही फुकट पाहता येतात. या फिरण्यातून लोक आपल्या परसदारासाठी काहीतरी शिकून जातात, ही मला त्यातली सर्वांत चांगली गोष्ट वाटते. 2019 पासून ‘नो मो मे’ नावाची मोहीम आहे. मे महिनाभर हिरवळ कापायची नाही, फुलं येऊ द्यायची. सुरुवात म्हणून ती छानच. पण जूनमध्ये यंत्र फिरवून चुरा तिथेच पडू दिला, तर मातीतला कस मातीतच राहतो आणि वर्षागणिक गवतच जिंकतं.

म्हणून डिक्स्टरमध्ये जे शिकायचं ते ऑगस्टमध्ये, फुलांचा बहर ओसरल्यावर. त्या वेळी कुरण पिवळट, विस्कटलेलं असतं, छायाचित्र काढायला कुणी थांबत नाही. माळी गवत कापतात, दाताळ्याने ओढतात, ढीग करतात आणि वाहून नेतात. नवं कुरण उभं करायचं असेल तर असंच ताजं, बियांनी भरलेलं गवत दुसऱ्या उघड्या केलेल्या जमिनीवर पसरायचं. त्यातलं रॅटलचं बी थंडी खाऊन येत्या वसंतातच उगवतं. ऑर्किडांची वाट मात्र बरीच वर्षं पाहावी लागते, आणि तोवर गवत दर उन्हाळ्याअखेर कापून उचलत राहावं लागतं.