खानावळीतला मासा

मालवणला समुद्रकाठी पुष्कळ खानावळी आहेत. तिथे ताटात भात, माशाचे कालवण, तळलेला मासा आणि सोलकढी येते.

गिऱ्हाईक बसल्या बसल्या म्हणते, "सुरमई आणा, पापलेट आणा!" आम्हीही तसेच म्हणत होतो. आता आम्ही विचारतो, "आज ताजे काय आहे?" होडीने आज जे आणले तेच चांगले. बांगडा स्वस्त, पण तिरफळे घालून केला, की त्याची चव काही औरच!

ताजा मासा कसा ओळखावा? कल्ले लाल हवेत. डोळे चकचकीत हवेत. बोटाने दाबले तर खळगा राहू नये.

पावसाळ्यात पुष्कळ मासे अंडी घालतात. म्हणून तेव्हा यांत्रिक नौकांना समुद्रात बंदी असते. त्या दिवसांत सुक्या माशावर भागवावे.

२०२३ साली पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच साली सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा धरू नये, असा नियम आहे.

ताटात तळहाताएवढेही नसलेले पापलेट आले, तर ते परत करा. पिल्लेच खाल्ली, तर पुढे अंडी कोण घालणार? उद्या होडी रिकामी आली, तर मच्छीमाराची चूल विझेल, आणि खानावळीचीही.