इंजिनमधून ऑइल गळते? आधी जागा शोधा, मग पाना हातात घ्या

नवी मुंबईत आपल्या बांधवांपैकी अनेकांची रोजी चाकांवर चालते. तुर्भ्याच्या कृषी उत्पन्न बाजारातून फळे-भाजी उचलणारे विक्रेते, कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पत्रा आणि अँगल नेणारे फॅब्रिकेटर, गिऱ्हाइकाच्या घरी फर्निचर पोहोचविणारे सुतार, तळोज्याच्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे लहान वर्कशॉपवाले, अशा कित्येकांच्या दारात एखादा टेम्पो, पिकअप किंवा जुनी व्हॅन उभी असते. सकाळी ती गाडी काढली की खाली जमिनीवर काळा डाग दिसतो. त्यावर बहुतेक मालक दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर ऑइलचा डबा गाडीतच ठेवून वरून भरत राहतात, नाही तर कुणी "सील गेले, गिअरबॉक्स उतरवावा लागेल" म्हटले की घाबरून इंजिन उघडायला देतात. दोन्हींत नुकसान मालकाचेच होते.

आमचे सांगणे एवढेच आहे की, गळती बंद करण्यापेक्षा गळतीची नेमकी जागा शोधणे हे मोठे काम आहे. ते मालकाला घरच्या घरी, फारसा खर्च न करता करता येते. जागा कळली की निम्म्याहून अधिक चिंता तिथेच मिटते.

डागाचा हिशेब

थेंबाला कुणी मोजत नाही. पण मोजून पाहावे. ३० थेंबांचे १ मिलिलिटर धरले आणि गाडी चालू असताना दर दहा सेकंदांना एक थेंब पडतो असे समजले, तर तासाला १२ मिलिलिटर ऑइल जाते. रोज आठ तास आणि महिन्याला २५ दिवस गाडी चालली, तर महिन्याकाठी २.४ लिटर ऑइल रस्त्यावर सांडते. हा झाला ऑइलचा खर्च. खरा धोका पुढेच आहे. ऑइल कमी झाले की घाटातल्या चढावर किंवा वळणावर पंप ऑइलऐवजी हवा ओढू लागतो, बेअरिंग कोरडे पडते आणि इंजिन जाम होते. मग दुरुस्तीचा खर्च आणि बंद पडलेला धंदा, दोन्ही अंगावर येतात. पावसाळ्यात रस्त्यावरच्या तेलामुळे मागून येणारा स्कूटरवाला घसरतो, हेही विसरू नये.

म्हणून गळती सापडेपर्यंत रोज सकाळी, गाडी सपाट जागेवर आणि इंजिन थंड असताना, गेज पट्टी काढून पुसावी, पुन्हा घालून पाहावी व आकडा वहीत लिहून ठेवावा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरणे हेही गळतीचे एक कारण आहे.

हे इंजिन ऑइलच आहे ना?

गाडीखाली रात्रभर स्वच्छ पुठ्ठा अंथरावा व त्यावर पुढच्या चाकांची जागा पेनाने आखून ठेवावी. सकाळी थेंब बोटावर घेऊन पाहावा. इंजिन ऑइल तपकिरी किंवा काळे आणि बुळबुळीत असते. गिअर ऑइल दाट असून त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी पातळ थेंब कूलंटचा. लालसर तेल बहुधा पॉवर स्टिअरिंगचे. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, फिकट तेल दिसले तर ते ब्रेक ऑइल समजावे आणि ती गाडी रस्त्यावर काढूच नये. एसीखालचे स्वच्छ पाणी ही गळती नव्हे.

तेल खाली पडते, पण गळते वर

सर्वांत जास्त फसगत होते ती इथे. ऑइल जिथे थेंबरूपाने पडते, तिथेच ते गळते असे नाही. वरच्या टॅपेट कव्हरमधून झिरपलेले ऑइल इंजिनच्या अंगावरून ओघळते, गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकलले जाते आणि शेवटी इंजिन व गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात तिथून टपकते. पाहणाऱ्याला वाटते, मागचे क्रँक सील गेले. टॅपेट कव्हरचे पॅकिंग ही किरकोळ वस्तू. मागच्या सीलसाठी मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे मजुरीच मोठी. दोन्हींचा डाग जमिनीवर एकाच जागी पडू शकतो. म्हणून नियम असा की, ओल्या भागातली सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा शोधावी.

त्यासाठी इंजिन आधी धुवावे लागते. मळकट इंजिनावर गळती कधीच सापडत नाही. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर अल्टरनेटर, एअर फिल्टरचे तोंड व वायरींचे जोड प्लास्टिकच्या पिशवीने झाकावेत. डीग्रीझर किंवा साबणाच्या पाण्याने ब्रश मारून, साधे पाणी टाकून पुसून घ्यावे. जोराच्या फवाऱ्याने धुऊ नये. डिझेलने धुण्याची सवय अनेकांना आहे. पण ते पूर्ण सुकण्याआधी इंजिन चालू केले तर आग लागू शकते.

इंजिन सुकले की संशयाच्या जोडांवर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरावी. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून दहा-पंधरा मिनिटे इंजिन चालू ठेवावे. हे काम उघड्या जागेत करावे, बंद शेडमध्ये नव्हे. नंतर इंजिन बंद करून टॉर्चने पाहावे. पांढऱ्या पावडरीवर जिथे पहिली काळी रेघ उमटेल, तिथे चोर आहे. काही सापडले नाही तर गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून आणावी व पुन्हा पाहावे. काही गळती ऑइल तापल्यावरच सुरू होते. पंखा व पट्टा फिरत असताना सैल बाही, ओढणी किंवा गळ्यातला रुमाल जवळ नेऊ नये.

स्वस्तापासून महागाकडे

तपासणी नेहमी स्वस्त जागेपासून सुरू करावी. ऑइल भरायच्या झाकणाची रबरी रिंग कडक झाली आहे का? चेंबरच्या ड्रेन बोल्टचे वॉशर दबले आहे का? फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरची रिंग इंजिनला चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसला, असे तर नाही? ऑइल बदलल्यावर लगेच सुरू झालेली गळती बहुधा या दोन ठिकाणांचीच असते. त्यानंतर ऑइल प्रेशरचा स्विच, टॅपेट कव्हरचे पॅकिंग, पुढच्या पुलीमागचे सील, चेंबरचे पॅकिंग आणि सर्वांत शेवटी मागचे सील, असा क्रम ठेवावा.

एक जागा मात्र मेकॅनिकही पुष्कळदा विसरतात, ती म्हणजे ब्रीदर पाइप. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये येतो. तो बाहेर जाण्यासाठी हा पाइप असतो. तो काजळीने तुंबला की आत दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर पडते. अशा वेळी सील बदलले तरी ते पुन्हा गळते. एकाच वेळी तीन-चार ठिकाणांहून गळती दिसली, तर प्रथम ब्रीदर काढून साफ करावा. साफ करूनही ऑइलच्या झाकणातून धुराचे लोट येत असतील, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असाव्यात. मग सीलवर पैसे घालू नयेत. आधी रिंगांची तपासणी करून घ्यावी.

घरी होण्यासारखी कामे

गाडीखाली जाण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. चाकांना ओट लावावी, गाडीखाली लोखंडी घोडी ठेवावी, मगच खाली जावे. विटांवर गाडी कधीही टेकवू नये. वीट सूचना न देता फुटते.

ड्रेन बोल्टचे वॉशर दर वेळी ऑइल बदलताना नवे घालावे. फिल्टरच्या रिंगेला ऑइलचे बोट लावून, रिंग टेकल्यावर हाताने पाऊण फेरा आवळावा. टॅपेट कव्हर काढल्यावर दोन्ही बाजूंचे जुने पॅकिंग पूर्ण खरवडावे. पण त्याचा तुकडा इंजिनात पडू देऊ नये. नवे पॅकिंग बसवून बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, समोरासमोर, थोडे थोडे आवळावेत. जोर मनगटाचा हवा, खांद्याचा नव्हे. जास्त आवळले की पत्र्याचे कव्हर वाकते आणि गळती वाढते. सिलिकॉनची ट्यूब जपून वापरावी. आत ओघळलेले सिलिकॉन तुटून पंपाच्या जाळीत अडकते. गळती थांबविणाऱ्या औषधाची बाटली जुने रबर काही काळ फुगवते. तो इलाज नव्हे. गाडी वॉरंटीत असेल तर यातले काहीच उघडू नये, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवावे.

गॅरेज केव्हा गाठावे?

चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला की बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे आणि गाडी ओढून न्यावी. ऑइल सायलेन्सरच्या गरम पाइपावर पडून धूर येत असेल, क्लच सरकत असेल किंवा गेज पट्टीवर दुधाळ कॉफीसारखे ऑइल दिसत असेल, तर घरी वेळ घालवू नये. दुधाळ रंग म्हणजे ऑइलमध्ये पाणी गेले. हेड पॅकिंगचा संशय धरावा.

मागच्या सीलचे काम निघालेच, तर आधी बेल हाउसिंगच्या खालच्या छिद्रातून येणारे तेल हुंगून पाहावे. उग्र वास असेल तर ते गिअरबॉक्सचे सील आहे, इंजिनचे नव्हे. गिअरबॉक्स उतरला की क्लच प्लेट व बेअरिंगही पाहून घ्यावे, म्हणजे त्याच मजुरीत दोन कामे होतात. खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि काढलेला जुना भाग परत मागावा. चांगल्या उस्तादाला याचा राग येत नाही.

शेवटी जुन्या ऑइलविषयी. ते गटारात ओतू नये. नवी मुंबईचे नाले ठाणे खाडीला मिळतात आणि तिथे कोळी बांधवांची मासेमारी आहे. त्याच खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. म्हणून ते डब्यात भरून, अशी व्यवस्था असलेल्या गॅरेजला द्यावे. हातालाही ते घातक असते, म्हणून हातमोजे वापरावेत व काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. नवे ऑइल बिल घेऊनच विकत घ्यावे आणि रिकामा डबा भोक पाडून टाकावा, नाही तर त्यात नकली माल भरून तो पुन्हा बाजारात येतो.

पुठ्ठा, पावडर आणि टॉर्च यांच्या साहाय्याने ही तपासणी एका सुट्टीच्या दिवशी होते. गॅरेजमध्ये जायचे झालेच, तर "ऑइल गळते" एवढे सांगून थांबू नये. ते कुठून गळते, हे बोट ठेवून दाखवावे. ज्याला आपल्या गाडीची जागा माहीत आहे, त्याला नको त्या कामाचे बिल सहसा कुणी लावत नाही.