चौथ्या वर्षाचा पॉइंट गार्ड टीमला नेमकं काय देतो? (एपिसोड लिखित स्वरूपात)

लोकलमध्ये नेटवर्क जातं, किंवा ऑफिसात इयरफोन लावता येत नाहीत, अशा सगळ्यांसाठी हा एपिसोड नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलतानाचं 'अं... म्हणजे...' तेवढं गाळलंय.

आजचा विषय आहे अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल. तिथे एक मजेशीर प्रकार दिसतो. ज्यांच्यामागे एनबीए लागलेली असते अशी अठरा-एकोणीस वर्षांची जबरदस्त पोरं काही टीम्सकडे चार-चार, पाच-पाच असतात. तरी ट्रॉफी अनेकदा भलतीच टीम नेते, आणि त्या टीमचा बॉल बावीस-तेवीस वर्षांच्या, फारसा उंच नसलेल्या, तीन-चार सीझन खेळून तयार झालेल्या एका गार्डच्या हातात असतो. असं का होतं, ते आज बघू.

आधी बेसिक: पॉइंट गार्ड करतो काय?

बॉल वर आणायचा, कुठली चाल खेळायची ते ठरवायचं आणि बॉल योग्य माणसाला योग्य क्षणी द्यायचा, हे त्याचं काम. क्रिकेटमध्ये कॅप्टनला दोन बॉलच्या मध्ये फील्ड हलवायला वेळ मिळतो. इथे कॅप्टनगिरी पळता पळता करावी लागते, तीही घड्याळ चालू असताना.

पुरुषांच्या कॉलेज मॅचमध्ये 20-20 मिनिटांचे दोन हाफ असतात. बॉल हातात आला की 10 सेकंदांत अर्धं मैदान पार करायचं आणि 30 सेकंदांत शॉट मारायचा. (2015 पर्यंत हे 35 सेकंद होते.) एका टीमला मॅचमध्ये साधारण 65 ते 70 वेळा बॉल मिळतो, म्हणजे तेवढीच पझेशन्स. त्यातली पाच-सहा जरी फुकट घालवली, तरी अटीतटीची मॅच गेलीच समजा.

आणि एनसीएए टुर्नामेंट म्हणजे 68 टीम्सची नॉकआउट. एक मॅच हरलात की बॅग भरा. एनबीएसारखी सात मॅचची सिरीज नसते, त्यामुळे 'पुढच्या मॅचला बघून घेऊ' हा पर्यायच नाही. माझ्या मते अनुभवाची खरी किंमत या फॉरमॅटमध्ये आहे. अनुभवी गार्ड प्रत्येक मॅचमध्ये चमत्कार करत नाही, पण तो टीमला वाईट दिवस येऊ देत नाही.

2014 ची फायनल

हे सगळ्यात स्वच्छ उदाहरण. एका बाजूला केंटकी, पाचच्या पाच स्टार्टर पहिल्या वर्षाचे. दुसऱ्या बाजूला कनेक्टिकट, म्हणजे यूकॉन, आणि त्यांचा चौथ्या वर्षाचा गार्ड शबाझ नेपियर.

केंटकीच्या पोरांमध्ये हिंमत नव्हती असं अजिबात नाही. त्याच टुर्नामेंटमध्ये ॲरन हॅरिसननं मॅचच्या शेवटी थ्री मारून टीमला पुढे नेलं होतं, तेही एकदा नाही, लागोपाठ. म्हणून 'नवी पोरं प्रेशरमध्ये घाबरतात' हे सरळसोट उत्तर इथे चालत नाही.

फायनलमध्ये यूकॉननं मोठी आघाडी घेतली आणि हाफटाइमला ती 35-31 वर आली. सेकंड हाफमध्ये केंटकी एका पॉइंटपर्यंत पोचली, पण पुढे कधीच गेली नाही. स्कोअर 60-54. नेपियरचे 22 पॉइंट आणि 'मोस्ट आउटस्टँडिंग प्लेअर'चा किताब. पण मला त्याहून बोलका आकडा वाटतो तो फ्री थ्रोचा: यूकॉन 10 पैकी 10, केंटकी 24 पैकी 13. फ्री थ्रोला समोर कोणी अडवत नाही. तिथे फक्त तुम्ही, रिंग आणि तुमचं डोकं.

आता मागे जाऊ. 2011 मध्ये यूकॉन जिंकली तेव्हा स्टार होता केम्बा वॉकर, आणि नेपियर त्याच टीममध्ये पहिल्या वर्षाचा पोरगा होता. 2013 मध्ये अभ्यासाच्या निकषांवरून यूकॉनला टुर्नामेंटमधून बाहेर ठेवलं. काही खेळाडू सोडून गेले, नेपियर थांबला. त्याचा कोच केव्हिन ऑली स्वतः यूकॉनचा जुना पॉइंट गार्ड. म्हणजे अनुभव एका माणसात साठत नाही, तो हातोहात पुढे जातो.

4.7 सेकंद

2016 ची फायनल, व्हिलानोव्हा विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना. मार्कस पेजनं हवेतच शरीर वळवत थ्री मारला, 74-74. उरले 4.7 सेकंद.

व्हिलानोव्हाचा रायन आर्सिडियाकोनो चौथ्या वर्षाचा. बॉल घेऊन तो पळत सुटला. आयुष्यभर सांगता येईल असा शॉट स्वतः मारायची संधी समोर होती. पण मागून ख्रिस जेनकिन्स मोकळा येत होता, आणि यानं बॉल अलगद त्याच्याकडे सोडला. बझरबरोबर थ्री आत, 77-74.

शेवटच्या सेकंदांची ही चाल टीमनं सरावात घोटली होती. शॉट कोण घेणार, हे मात्र पळता पळता, समोरचा डिफेन्स वाचूनच ठरवायचं होतं. आमच्या कामातही रात्री दोनला सिस्टिम बसली की नवीन माणूस पटापट कमांड मारायला लागतो, आणि जुना आधी लॉग वाचतो. दोघांचा टायपिंग स्पीड सारखाच असतो. फरक एवढाच की जुन्याला काय करायचं नाही ते माहीत असतं.

त्या टीममध्ये पहिल्या वर्षाचा एक गार्ड होता: जेलन ब्रन्सन. दोन वर्षांनी, 2018 मध्ये, तोच ब्रन्सन देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि व्हिलानोव्हा पुन्हा चॅम्पियन. वॉकर-नेपियरचीच गोष्ट दुसऱ्या कॉलेजात.

पण मग 2015 चं काय?

रास्त प्रश्न. 2015 ला ड्यूक जिंकली ती पहिल्या वर्षाच्या टायस जोन्सच्या जोरावर. फायनलमध्ये 23 पॉइंट, किताबही त्यालाच. 2012 ला केंटकी जिंकली, तिचा पॉइंट गार्डही पहिल्या वर्षाचा, मार्क्विस टीग.

म्हणजे अनुभवाशिवाय जिंकता येतं, फक्त त्याची भरपाई दुसरीकडून करावी लागते. केंटकीकडे अँथनी डेव्हिस होता, त्या वर्षीच्या ड्राफ्टचा नंबर एक. आणि ड्यूकचा चौथ्या वर्षाचा कॅप्टन क्विन कुक आधी स्वतः पॉइंट गार्ड होता. त्यानं बॉल जोन्सच्या हाती दिला आणि स्वतः बाजूला खेळला. म्हणजे अनुभव तिथेही होता, फक्त बॉल त्याच्याकडे नव्हता.

मग याचे पैसे कोणाला?

इथे गोष्ट जरा कडू होते. एनबीए ड्राफ्टमध्ये वय वाढलं की भाव उतरतो, कारण ते आजचा खेळ कमी आणि उद्याची शक्यता जास्त विकत घेतात. आर्सिडियाकोनोला ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नाही. ब्रन्सन 33 वा गेला, आणि आज तो न्यूयॉर्क निक्सचा स्टार आहे.

कॉलेजात तर पगारच नव्हता. 2014 मध्येच नेपियरनं पत्रकारांना सांगितलं होतं की काही रात्री तो उपाशी झोपतो. हजारो लोक ज्याला बघायला येतात तो पोरगा उपाशी! त्याच महिन्यात एनसीएएनं खेळाडूंना अमर्याद जेवण द्यायला परवानगी दिली.

1 जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावता येतं, आणि 2025 पासून कॉलेजं थेट पैसे देऊ शकतात. कॉलेज बदलणंही सोपं झालंय. त्यामुळे मुरलेल्या गार्डला आता भाव आहे. 2024 चा चॅम्पियन गार्ड ट्रिस्टन न्यूटन ईस्ट कॅरोलायनाहून यूकॉनला आलेला, पाचव्या वर्षाचा. 2025 ला फ्लोरिडाचा वॉल्टर क्लेटन आयोनाहून आलेला, चौथ्या वर्षाचा. ह्यूस्टनविरुद्धच्या फायनलमध्ये पहिल्या हाफला क्लेटनचे पॉइंट शून्य. टीम 12 नं मागे पडली, तरी त्यानं घाई केली नाही. दुसऱ्या हाफमध्ये 11 केले, आणि शेवटच्या क्षणी शूटरवर असा धावून गेला की त्याला शॉट घेताच आला नाही. 65-63.

एक तोटा मात्र दिसतो. गार्ड दर वर्षी बाहेरून विकत आणला, तर वॉकरकडून नेपियरकडे जे गेलं ते कोणाकडून कोणाकडे जाणार?

पुढची फायनल बघाल तेव्हा (तिकडे सोमवारची रात्र, आपल्याकडे मंगळवारी सकाळी सातच्या आसपास, ऑफिसच्या आधी जमतं) पाच मिनिटं बॉल सोडून फक्त पॉइंट गार्डकडे बघा. समोरची टीम सलग सहा-आठ पॉइंट करते, स्टेडियम ओरडत असतं, तेव्हा तो पुढच्या पझेशनला काय करतो? लगेच शॉट मारतो, की चाल थांबवून सगळ्यांना जागेवर आणतो? मॅच कुठे चाललीये ते स्कोअरबोर्डआधी तिथे कळेल.

आवडला तर एपिसोड कॉलेजच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या वेळी!