गाळाच्या आश्रयाचं आरमार

अंबा नदी नागोठण्यापाशी खाडी होते आणि पेणची खाजणं ओलांडून रेवसजवळ मुंबईच्या समुद्राला मिळते. रोहे तालुक्यातल्या नागोठण्यातून समुद्र दिसतही नाही, पण १६७९ साली इंग्रजांच्या पाठलागातून मराठी आरमार वाचलं ते याच खाडीमुळे.

त्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या हुकुमाने मायनाक भंडारींनी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली. मुंबईच्या तोंडावरच हा किल्ला! इंग्रजांनी वेढा घातला. १८ ऑक्टोबरला मराठी आरमाराचा सरदार दौलतखान याच्या गलबतांनी हल्ला करून इंग्रजांची ‘डव्ह’ ही गुराब, म्हणजे शिडाचं लढाऊ जहाज, पकडली. पण ‘रिव्हेंज’ या इंग्रज जहाजाच्या तोफांपुढे त्यांचं काही चालेना, तेव्हा ती गलबतं नागोठण्याकडे वळली.

जहाज स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारेपर्यंत बुडतं. जड तोफांचं जहाज म्हणून खोल बसतं. हलकं, पसरट तळाचं गलबत थोडक्या पाण्यात तरंगतं. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटरांपर्यंत जातो. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांत ओहोटी लागून संपते. खाडीत शिरलेलं खोल जहाज तेवढ्यात गाळात रुतून कलंडलं, की एका बाजूच्या तोफा चिखलाकडे, दुसऱ्या आभाळाकडे. (याच खाडीवरच्या डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे येणाऱ्या बार्जनाही हेच वेळापत्रक पाळावं लागतं.) पसरट तळाचा तोटाही आहे: आडव्या वाऱ्यात असं गलबत बाजूला घसरत जातं. खुल्या समुद्रातल्या हारीला म्हणूनच माझ्या मते भेकडपणा म्हणू नये.

खांदेरी बेट मात्र मराठ्यांकडेच राहिलं. ज्युलियन कॉर्बेट या इंग्रज अभ्यासकाने १९११ साली मांडलं, की समुद्र जमिनीसारखा व्यापून बसता येत नाही; ताबा मिळतो तो वाहतुकीच्या वाटांवर. इथली वाट थळ ते खांदेरी, जेमतेम काही किलोमीटरची. रात्री वारा पडला की शिडाची जहाजं जागची हलत नसत, आणि वल्ह्यांच्या होड्या रसद, माणसं घेऊन बेटावर पोहोचत. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी तह केला.

त्याच महिन्यात जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारचं उंदेरी बेट बळकावलं. थळची वाट आता त्याच्या तोफांच्या टप्प्यात आली, आणि सिद्दीची गलबतंही उथळ पाण्यात तितकीच सहज वावरणारी होती.